कार्ड घेण्याची रीत

चंदगड, जि. कोल्हापूर

चि. मेघास अनेक आशीर्वाद,

पुण्यातल्या जपानी कंपनीत रुजू होण्याआधी तिथल्या व्हिजिटिंग कार्डांच्या रिवाजाबद्दल तू विचारलंस, आणि ‘हे नाटकच नव्हे का?’ असंही लिहिलंस. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे हा रिवाज शिकवताना सगळा भर देण्यावर असतो: उभं राहून, अक्षरं समोरच्याला सुलट दिसतील असं कार्ड दोन्ही हातांनी धरायचं, आधी कंपनीचं, मग आपलं नाव सांगून वाकायचं. खरी गोष्ट घेण्यात आहे. घेतलेलं कार्ड खिशात कोंबायचं नाही. ते वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर, माणसं ज्या क्रमाने बसलीत त्याच क्रमाने, मांडून ठेवायचं. जपानमध्ये सर्वसामान्यांना आडनाव सक्तीचं झालं १८७५ साली, आणि तीच अक्षरं एका घरात यामाझाकी, तर दुसऱ्या घरात यामासाकी अशी वाचतात. म्हणून नाव समोर छापलेलं असूनही उच्चार विचारावा लागतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या चंदगडात गाव आणि घर सांगितलं की माणूस कळतो. नाहीच कळला तर ‘साहेब’ किंवा ‘शेठ’ म्हटलं की निभावतं. आदर होतो, पण नाव न विचारताच.

तुझा खरा आक्षेप या रिवाजातल्या उतरंडीवर आहे आणि तो मी हलका मानत नाही. आडनावावरून जात काढणाऱ्या समाजातल्या मुलीला असा क्रम खटकावाच. कनिष्ठाने आपलं कार्ड वरिष्ठाच्या कार्डापेक्षा खाली धरायचं, हे मलाही रुचत नाही. पण कार्डावरचा हुद्दा कामाचा असतो, जन्माचा नाही. बढती मिळाली की कार्ड नवं छापतात. शिवाय वरिष्ठालाही नवख्याचं कार्ड उभं राहूनच घ्यावं लागतं. आपल्या किती कचेऱ्यांत नव्या कारकुनाचं नाव साहेब उभं राहून ऐकतात? राहता राहिला तुझा फोनचा मुद्दा, की नाव-नंबर फोनमध्ये जपता येत असताना कागदी कार्ड कशाला. कार्डं स्कॅन करून जपून ठेवणारी सानसान ही कंपनी जपानमध्येच २००७ साली निघाली. नोंद यंत्राने ठेवावी. समोरच्यादेखत वाचणं मात्र आपणच करायचं.

तुझ्या कार्डामागे नाव काताकाना या जपानी लिपीत छापून घे. त्या लिपीत ‘घ’ आणि ‘ग’ यांत फरक राहत नाही. कुणी उच्चार विचारला तर ‘काहीही म्हणा, चालेल’ असं म्हणू नकोस, नीट सांग.

तुझा,
मामा