एक हजार चोवीस

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात वाय-फाय जोडताना नाव आणि पासवर्ड विचारला जातो. तो पडताळण्याचं काम फ्रीरेडियस नावाचा सर्व्हर करतो आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे.

त्याच्या मुख्य फाइलीत 'मॅक्स रिक्वेस्ट्स' अशी एक ओळ असते. सर्व्हरने एका वेळी किती विनंत्या लक्षात ठेवायच्या, ते तिथे ठरतं. हिशेबही शेजारीच लिहिलेला असतो: जितके क्लायंट, गुणिले २५६. क्लायंट म्हणजे मुली नव्हेत, भिंतीवरचे वाय-फायचे डबे. आमच्याकडे चार डबे होते तेव्हा १०२४ बरोबर होतं. जुन्या आवृत्तीत तो आकडा आधीच भरलेला असायचा, त्यामुळे मला काही करावंही लागलं नव्हतं. पुढे नवी इमारत झाली, डबे सोळा झाले. चालतंय ना, म्हणून मी आकड्याला हात लावला नाही.

१०२४ पुष्कळ वाटतात. पण उत्तर दिल्यावरही सर्व्हर ती विनंती पाच सेकंद धरून ठेवतो. उत्तर वाटेत हरवलं आणि डब्याने पुन्हा विचारलं, तर तेच देता यावं म्हणून. शिवाय एका लॉगिनसाठी आठ-दहा फेऱ्या लागतात. मधली एक हुकली की बहुधा पहिल्यापासून सुरुवात.

एका रात्री वीज गेली, ती सव्वाअकराला आली. सगळे डबे एकदम जागे झाले आणि सगळे फोन एकदम दार ठोठावू लागले. ज्या डेटाबेसमध्ये मुलींची नावं होती, तोही नुकताच सुरू होऊन रखडत होता. जागा भरल्या आणि रिकाम्या होईनात. मी घरी झोपलो होतो.

सकाळी लॉग उघडला. एकच तक्रार पानंच्या पानं: विनंती सोडून दिली, फार झाल्या. मर्यादा बहुधा कमी आहे, फाइल तपासा, असंही त्यानेच सांगितलेलं. मला सांगितलं होतं, मुलींना नाही. पासवर्ड चुकला तर सर्व्हर तसा नकार पाठवतो, तोही मुद्दाम एक सेकंद थांबून, म्हणजे अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याची गती कमी होते. सोडून दिलेल्या विनंतीला मात्र नकारही मिळत नाही. रेशनच्या दुकानावर 'माल संपला' अशी पाटी दिसली तर माणूस निदान घरी परततो.

दुपारी एक मुलगी माझ्या खोलीत आली. तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म रात्री बाराला बंद झाला होता.

"सर, मला वाटलं माझाच पासवर्ड चुकतोय. मी परत परत टाकत राहिले."

मी म्हणालो, "पासवर्ड बरोबर होता. चूक माझी होती."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आज बंद आहे एवढं जरी कळलं असतं, तर रेक्टर मॅडमना उठवलं असतं. त्यांच्या फोनवरून भरला असता."

त्या दिवशी मी आकडा ४०९६ केला. पण पाठीमागचा डेटाबेस रखडत असेल तर मोठा आकडा म्हणजे नुसती मोठी रांग. म्हणून तोही दुरुस्त केला आणि वेगळ्या यूपीएसवर घेतला. शेवटी वसतिगृहाच्या फलकावर एक कागद लावला: 'वाय-फाय जोडलं जात नसेल तर पासवर्डच चुकला असं समजू नका. या नंबरवर फोन करा. रात्रीही चालेल.'

तिने फॉर्म पुढच्या वर्षी भरायचं ठरवलं आहे. ते वर्ष मला भरून देता येणार नाही.

परवा रात्री अकराला फोन वाजला. दुसरीच कोणी मुलगी होती. "सर, माझा पासवर्ड बरोबर आहे का?"

लॉग पाहिला. "नाही, चुकतोय."

"बरं," ती म्हणाली. आवाजात सुटका होती.