उलटी लेन्स

गेल्या पावसाळ्यातला एक शनिवार. सिंहगडावर जायचं म्हणून पहाटे पाचचा गजर लावला होता. उठून पाहतो तर बाहेर धो धो. कॅमेऱ्याची बॅग भरलेली, आणि आता दिवसभर करायचं काय? बायको म्हणाली, "घरातल्याच वस्तूंचे काढ की फोटो. तेवढ्यात त्या पुसूनही होतील."

टोमणा होता, पण मी तो मनावर घेतला.

तसं यात नवीन काही नाही. आंद्रे केर्तेसने १९२८ साली पॅरिसमध्ये ताटलीच्या कडेवर टेकवलेल्या एका काट्याचा फोटो काढला. काटा आणि त्याची सावली, बस्स! एडवर्ड वेस्टनने १९३० साली कॅलिफोर्नियात एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. त्या फोटोत ती मिरची कमी आणि पैलवानाची पाठ जास्त वाटते. ही मंडळी काही कुठला गड चढायला गेली नव्हती. मग आपल्या ओट्यावर काय कमी आहे?

कमी होती ती मॅक्रो लेन्स. ती महाग असते. पण एक स्वस्तातला उपाय आहे, साधी ५० मिमीची लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला लावायची. त्यासाठी एक रिंग मिळते, अगदी किरकोळ किमतीत. फक्त एक अडचण असते. लेन्स उलटी लावली की तिचा कॅमेऱ्याशी संपर्क तुटतो, त्यामुळे नव्या लेन्सचं छिद्र कमी-जास्त करता येत नाही. जुन्या लेन्सना मात्र त्यासाठी अंगावरच कडं असतं. अशी एक लेन्स घरात होती, बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याची. आमच्या लहानपणीचे सगळे फोटो, मुंजीपासून गॅदरिंगपर्यंत, तिच्यातूनच काढलेले. कॅमेरा केव्हाच बंद पडला, पण लेन्स त्यांनी डब्यात कापसात गुंडाळून ठेवली होती. विचारलं तर म्हणाले, "घे. पण बुरशी बघ आधी." बुरशी नव्हती.

उलट्या लेन्सचे नखरे फार. वस्तू लेन्सपासून तळहाताएवढ्या अंतरावर हवी. फोकस करायला कडं फिरवून उपयोग नाही, अख्खा कॅमेराच पुढे-मागे करायचा. वस्तू सेन्सरवर जवळजवळ आहे त्या आकाराची उमटते, आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २४ बाय १६ मिमीचा. म्हणजे त्यात रुपयाचं नाणंसुद्धा पूर्ण मावत नाही. एफ-८ ला जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा भाग स्पष्ट, बाकी सगळं धुकं. श्वास घेतला तरी फोकस हलतो. ट्रायपॉड इतका खाली येईना, म्हणून साबुदाण्याच्या पिशवीवर कॅमेरा टेकवला. (हा जुगाड मस्त आहे, करून बघा. फक्त दुसऱ्या दिवशी चतुर्थी नाही ना, तेवढं आधी बघा.)

पण दिसायला लागलं आणि वेळेचं भानच गेलं. मिठाचे कण म्हणजे चक्क काचेचे ठोकळे, कडा झिजलेले. मोहरी गुळगुळीत असते असं मी चाळीस वर्षं समजत होतो, तिच्या अंगावर बारीक जाळी आहे! वाटीच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजीचं नाव, त्यातला एकेक ठिपका म्हणजे छोटा खड्डा, कडेला धातू किंचित उचललेला. कुणीतरी ठोकून ठोकून घातलंय ते, एकेक करून.

दोन तासांत एक गोष्ट कळली. मुख्य काम लेन्सचं नाही, उजेडाचं आहे. समोरून उजेड टाकला की वस्तू स्वच्छ दिसते, पण सपाट. टेबललॅम्प खाली आणून बाजूने, पार कललेला उजेड टाकला की प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते आणि वस्तू बोलायला लागते.

तर हे सगळं चालू असताना पुढची वस्तू शोधत बाहेर आलो. टीपॉयवर पेपर होता, घडी न मोडलेला, आणि त्यावर बाबांचा चष्मा. म्हटलं वा! काचेतून मोठी झालेली अक्षरं, काडीची सावली.. आपलाही केर्तेस होऊन जाऊ दे. बाबा आत पडले होते. पेपर आणि चष्मा अलगद उचलून आणले.

समोरून उजेड टाकून दोन फोटो काढले. ठीक आले. मग लॅम्प खाली केला.

काच पेटलीच एकदम. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं. उन्हात स्टीलच्या ताटावर दिसतात ना, तशीच. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, आपल्याला फक्त दिव्याभोवती आडवे पडलेले चमकताना दिसतात, म्हणून गोल वाटतं. म्हणजे जेवढे दिसत होते त्याच्या कितीतरी पट खरे होते. कडेला कोटिंगचे पोपडे उडालेले. आणि सगळ्यात जास्त झीज बरोबर मधे, जिथून माणूस बघतो तिथे.

फोटो सुंदर आला होता, हे कबूल करतो. पाचएक मिनिटं मी त्याचा कॉन्ट्रास्टच बघत बसलो. मग पेपरची न मोडलेली घडी डोळ्यासमोर आली.

दिवाळीपासून बाबांचं पेपर वाचणं कमी झालं होतं. आम्ही म्हणायचो, वय झालं, टीव्हीची सवय लागली. शब्दकोडं सोडवत नाहीत, तर म्हटलं कंटाळले असतील. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचून पोट भरतो. कुठे काय बिघडलंय ते शोधणं हाच धंदा. आणि घरातला हा लॉग सात-आठ महिने समोर पडला होता.

बाबा उठून चहाला आले तेव्हा विचारलं,

"बाबा, या काचा कधीच्या आहेत?"

"असतील पाच-सहा वर्षांच्या. का रे? दिसतं की त्यातून."

(आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात.) मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी जवळ जाऊन बघितलं. "हे काय, चंद्र आहे का?"

"तुमची उजवी काच."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसायला लागले, नेहमीसारखा कोरडाच, आणि मधेच थांबले. बहुतेक त्यांच्याही लक्षात आलं ओरखडे कशाने पडले ते.

"मला वाटलं डोळेच चालले," हळूच म्हणाले. "तुम्हाला कशाला सांगायचं आत्ताच.."

आत्ताच! सात-आठ महिने हा माणूस आंधळं व्हायची तयारी करत एकटा बसला होता, आणि मी पलीकडच्या खोलीत होतो.

सोमवारी सुट्टी टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळा दोष काचांचा निघाला असता तर गोष्ट छान झाली असती, पण तसं नव्हतं. नंबर बदलला होता आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. थोडं काचेचं, थोडं डोळ्याचं. ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं, व्यवस्थित. आता पेपर सकाळी सातला ताब्यात घेतात आणि छपाईच्या चुका मला मोठ्याने वाचून दाखवतात.

जुना चष्मा टाकायला निघालो तर म्हणाले, "राहू दे. तुझ्या फोटोला होईल."

आणि लेन्स परत मागितली नाही. फक्त म्हणाले, काम झालं की कापसात ठेवत जा.

असो. हल्ली पाऊस नसला तरी महिन्यातला एक शनिवार घरीच काढतो. टेबललॅम्प खाली घेऊन.