रीत दाखवा

गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. रीत दाखव म्हणायचो. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही, आणि आता ती दादांच्या मेंदूच्या अहवालावर चालली आहे.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. वय ८२, शाळा चौथीपर्यंत. साखऱ्यात कुणाचा बांध कुठे, हे त्यांना विचारावे. हाच माणूस वर्षभरात घरची वाट चुकू लागला. शहरात नेऊन पेट स्कॅन केला. मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात साखरेचा वापर कमी, अल्झायमरची शक्यता, असे लिहून आले.

ही साखर दिसते कशी? ग्लुकोजसारखेच, पण किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले औषध शिरेतून देतात. पेशी ते आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत. ते तिथेच अडकते आणि चित्रात उजळ दिसते. भारतातले पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसले.

पण ‘कमी’ म्हणजे कुणापेक्षा कमी? संगणक शिकणाऱ्या नातवाने एसपीएम नावाचा प्रोग्राम दाखवला. लंडनच्या कार्ल फ्रिस्टन यांनी १९९१ च्या सुमारास तो पेटच्या चित्रांसाठीच सुरू केला. प्रत्येकाचे डोके निराळे. हा प्रोग्राम ते ताणून-दाबून एका साच्यात बसवतो, मग ठिपक्या-ठिपक्याची निरोगी माणसांच्या चित्रांशी तुलना करतो. फुकट तर आहेच, शिवाय आतली सगळी आकडेमोड उघडी. कुणीही वाचावी, तपासावी. म्हणजे रीत दाखवलेली! (मला त्यातली एक ओळ कळत नाही. कळणारा वाचू शकतो, एवढे पुरे.)

मात्र उघडी रीतसुद्धा दिलेल्या आकड्यांवरच चालते. निरोगी माणसे कुठली, किती वयाची, हे वापरणाऱ्याने ठरवायचे. त्यात दादांना मधुमेह. रक्तात साखर जास्त असली की औषध मेंदूत कमी जाते आणि चित्र अल्झायमरसारखे दिसू शकते. प्रोग्रामला हे आपणहून कळत नाही. आमच्या अहवालात यातले काहीच नाही, तुलना कशाने केली तेही नाही.

निदान बरोबरही असेल. हल्ली दादा मला नावाने हाक मारत नाहीत, ‘मास्तर’ म्हणतात. असो.

सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचे आहे. वहिनींनी फाइलच्या पिशवीत माझी चिठ्ठी वरच ठेवली आहे: तुलना कुणाशी केली? इंजेक्शनच्या वेळी साखर किती होती?