पाव्हणा आणि शरणार्थी

आमच्या विद्यालयात दिवसाचा आरंभ त्रिशरणाने होतो. ‘शरण’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या मुखी इतका रुळला आहे की, ‘शरणार्थी’ हा शब्द त्यातूनच घडला आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जिथे भय नाही तिथे विश्वासाने जाणे, हा शरण या शब्दाचा अर्थ आम्ही मुलांना शिकवतो. २० जून हा जागतिक निर्वासित दिन. त्या निमित्ताने आम्ही शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे एक चित्रप्रदर्शन भरवले, तेव्हा हाच अर्थ आमच्या मनात होता.

सुरुवातीला मुलांनी जी चित्रे आणली, त्यांत काटेरी तारा होत्या, बुडत्या नावा होत्या, भाकरीसाठी पुढे आलेले हात होते. रेखाटने चांगली होती. परंतु त्यांतील माणसांना केवळ गरजा होत्या, गुण दिसत नव्हते. म्हणून आम्ही मुलांसमोर एकच प्रश्न ठेवला : शरणार्थी येताना काय घेऊन येतो? त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज पडली नाही. महाराष्ट्राच्या मातीतच ती उत्तरे होती.

पहिली भिंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाची. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेले पोलिश नागरिक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतील सुमारे ५,००० जण, प्रामुख्याने स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारले, नाटके केली. सर्वस्व गमावलेल्या मातांनी मुलांची भाषा मात्र गमावू दिली नाही. एका विद्यार्थिनीने छावणीतील वर्ग चितारला. त्यात फळ्यावरची अक्षरे पोलिश आणि खिडकीबाहेरचे झाड चिंचेचे. पोलिश लोक गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आज तेच गांधीनगर कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखले जाते.

दुसरी भिंत मुंबईची. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून आलेल्या तीन माणसांची नावे तिच्यावर होती : चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्या तरुणांची चित्रे पाहून, त्यांवर लिहून व ती विकत घेऊन या आश्रितांनी त्यांना बळ दिले. घर हरवलेल्या माणसांकडे पारखी नजर शिल्लक होती, आणि तिचा लाभ आपल्या कलेला झाला.

तिसरी भिंत विदर्भाची. १९५९ नंतर तिबेट सोडावे लागलेल्या बौद्ध बांधवांपैकी काहींची नॉर्गेलिंग ही वसाहत १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात वसली. थंड पठारावर जव पिकवणाऱ्या या लोकांनी विदर्भाच्या उन्हात धानाची शेती केली. विदर्भातून आलेल्या आमच्या मुलांना तिबेटी माणूस ठाऊक होता तो हिवाळ्यात लोकरी स्वेटर विकणारा म्हणून. त्याच माणसाला त्यांनी प्रदर्शनात भातखाचरात उभे केले.

प्रदर्शन पाहताना सातवीतील एका मुलाने विचारले, “सर, मग आपणसुद्धा शरणार्थीच का?” त्याचे वडील दुष्काळामुळे मराठवाड्यातून येऊन डोंगरातील दगडखाणीत काम करतात. प्रश्न सोपा नव्हता, आणि गोड उत्तर देऊन तो मिटवणे आम्हाला योग्य वाटले नाही. आम्ही म्हणालो, “नाही. तुमचे घर पोटासाठी सुटले, हे दुःख मोठे आहे. पण जत्रेला तुम्ही गावी जाऊ शकता. शरणार्थ्याच्या मागे दार बंद झालेले असते.” दोन दुःखांना एकच नाव दिले की दोन्हींवरचे उपाय चुकतात. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे अशा माणसाचे भवितव्य शासनाच्या निर्णयावर आणि शेजाऱ्यांच्या वृत्तीवर अवलंबून राहते. त्या मुलाला उत्तर देताना आम्हाला हेही सांगावे लागले की, शेजारी म्हणजे आपणच.

म्हणून चौथी भिंत आम्ही मुलांकडे सोपवली. वसतिगृहात येताना प्रत्येकाने घरून आणलेली एक वस्तू त्यांनी तिथे मांडली. आईने लुगड्यांची शिवलेली गोधडी, आजोबांचा पाटा सोलण्याचा छिन्नी-हातोडा, एक पितळी तांब्या, एक जुनी वही. वस्तूंखाली नावे नव्हती. ती कोणी केली आणि तिच्यामुळे काय शिकता आले, एवढेच लिहिले होते.

पावणे गावातील काही ज्येष्ठ मंडळी त्या भिंतीपाशी बराच वेळ थांबली. औद्योगिक वसाहत आली तेव्हा त्यांच्या शेतजमिनी गेल्या. ते कुठे गेले नाहीत, त्यांच्या पायाखालचे शेत गेले. एका आजींनी गोधडीचे टाके बोटांनी मोजले आणि आपल्याकडे धावदोरा असाच घालतात, असे मुलींना दाखवून दिले.

मराठवाड्यातील आमच्या मुलांना गावाचे नाव ऐकताच ‘पाव्हणे’ आठवतात. प्रदर्शनाने आम्हा सर्वांना या शब्दापुढे नेले. पाव्हण्याला पाट मांडावा, पुरणपोळी वाढावी आणि चार दिवसांनी वेशीपर्यंत पोहोचवावे, ही आपली रीत सुंदर आहे. पण शरणार्थ्याला ती पुरत नाही. त्याला परत जायचे ठिकाण नसते. त्याला ताटाइतकीच विळ्याची, फळ्याची, कुंचल्याची आणि दुकानाच्या गाळ्याची गरज असते. आपण आणलेले वापरता येईल अशी जागा हवी असते. वळिवड्यात ती शाळेच्या रूपाने मिळाली, नॉर्गेलिंगला शेताच्या.

प्रदर्शन तीन दिवस चालले. चित्रे आता ग्रंथालयाच्या व्हरांड्यात लावली आहेत. गोधडी मात्र त्याच रात्री मुलाने मागून नेली. पाऊस लागला होता आणि शयनगृहात गारठा होता.