खाट आणि खुर्ची

वर्गात एखाद्या ओळीचा अर्थ लागेनासा झाला, की मुले माझ्या तोंडाकडे पाहतात. गेल्या श्रावणात मात्र आरोग्यविम्याच्या पॉलिसीतील एका ओळीपुढे मीच मुकाट्याने बसलो होतो. ओळ साधी होती. किमान चोवीस तास रुग्णालयात दाखल झाल्यास खर्च मिळेल.

मी दाखल झालो नव्हतो, हाच माझा अपराध. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे वाटायचे. हजेरी घेताना पुढचे नाव उच्चारण्याचे बळ नसे. शेवटी हिनेच मला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी नैराश्याचे निदान केले, गोळ्या दिल्या आणि दर पंधरवड्याला येऊन बोलायला सांगितले. त्यांच्या खोलीत खाट नाही. एक खुर्ची आहे. त्या खुर्चीत बसून बसूनच मी हळूहळू माणसात आलो.

विम्याला मात्र खुर्ची दिसत नाही. खाट तेवढी दिसते.

आमचा विमा एजंट माझाच जुना विद्यार्थी. "सर, कायदा तुमच्या बाजूनं आहे," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. शरीराच्या आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मनाच्या आजारालाही मिळावा, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे एकविसावे कलम सांगते. कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसे कळवले आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले.

"मग माझे पैसे?"

"सर, नुसतं तपासून घरी पाठवलेल्या तापालाही बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. समानता आहेच की!"

व्याकरण मीच त्याला शिकवले होते. कायद्यातला 'त्याच' हा शब्द त्याने बरोबर पकडला होता. पण ताप चार दिवसांत उतरतो. मनाचा उपचार महिनोन् महिने चालतो, आणि तो बहुतेक खुर्चीतच चालतो.

जाता जाता त्याने हलक्या आवाजात उपायही सुचवला. "दोन दिवस ॲडमिट होता येईल का, बघा. म्हणजे आधीच्या महिन्याच्या आणि पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्यांचेही पैसे निघतील."

घरी येऊन मी ते हिला सांगितले. ती भाजी निवडत होती. "वर्षभर मी तुम्हांला अंथरुणातून उठवतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही पैशांसाठी पुन्हा आडवे होणार?"

मी गप्प बसलो. मग एक गोष्ट मी तिला न सांगताच केली. पंधरवड्याचा महिना केला. फी निम्म्याने वाचली. दोन महिन्यांनी पहाटे तीनची जाग परत आली, आणि माझा हिशेब आपोआपच हिच्या हाती पडला.

आता मी पुन्हा पंधरवड्याला जातो. ही दाराशी उभी राहून मी रिक्षात बसल्याची खात्री करून घेते. दवाखान्याच्या बाकावर पूर्वी एक गृहस्थ हमखास भेटत. मांडीवर जेवणाचा डबा, पायांत धुळीच्या चपला. तीन खेपा झाल्या, ते दिसले नाहीत. बरे झाले असतील, असे मी मनाला सांगतो. पण त्यांनीही पंधरवड्याचा महिना केला नसेल ना?