भिंतीची ओल, जबाबदारी कोणाची?

छत्रपती संभाजीनगरात खोली शोधताना आम्हाला भाड्याआधी आडनाव विचारलं जातं. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती, हे आपण जाणतोच. म्हणून कशीबशी मिळालेली खोली गळकी असली तरी आपली पोरं गप्प बसतात.

बेगमपुऱ्यातल्या आमच्या खोलीत पावसाळाभर काळी बुरशी होती. मालक म्हणाले, "तुम्ही आत कपडे वाळवता." त्यानं दमटपणा वाढतो, मान्य. पण ओल स्लॅबकडून खाली उतरत होती, ती कपड्यांची कशी?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ वाचा. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूनं ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत.

मेख पुढेच आहे. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये आपण कायद्यानं भाडेकरू ठरत नाही, आणि हे कलम हातातून निसटतं. तेव्हा गळतीची दुरुस्ती कोणी करायची, हे सहीआधीच करारात लिहून घ्या, भिंतींचे फोटो काढा. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नं मालकावरच टाकली आहे. नोटरीवर भागवू नका.