दोनच पक्षांचा गरीब देश

अमेरिकेची मला फार दिवसांपासून कीव येते. लोक म्हणतात, तो श्रीमंत देश आहे. असेल. पण ज्या देशात मतदार मोठ्या उमेदीने मतदानाला निघतो आणि त्याच्यापुढे निवडून येण्याजोगे पक्ष असतात फक्त दोन, त्या देशाला श्रीमंत कसे म्हणायचे? आमच्या अमरावतीत माणूस गिला वडा खायला गाडीपाशी उभा राहिला, तरी त्याला दही जास्त की कमी, चटणी तिखट की गोड, इथे खाता की बांधून देऊ, असे तीन प्रश्न येतात. सबंध जगाचा कारभार पाहणाऱ्या माणसाला निवडताना अमेरिकन मतदाराला एकच प्रश्न : हत्ती की गाढव?

बी. कॉम.ला आम्हाला ‘द्वयाधिकार’ नावाचे एक प्रकरण होते. बाजारात दोनच विक्रेते असले की ते एकमेकांशी भांडल्यासारखे करतात आणि गिऱ्हाइकाला मात्र मुकाट्याने दुकानात यावे लागते, असा त्याचा मथितार्थ. पाच गुणांची टीप यायची. अमेरिकेने ती टीप ऑप्शनला टाकलेली दिसते.

हे मी कोणत्या अधिकाराने बोलतो, असे कोणी विचारील. माझा अधिकार भौगोलिक आहे. मी राहतो अमरावतीला आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करतो अकोल्याला. रोज बडनेऱ्याला गाडी धरायची आणि मूर्तिजापूर, बोरगाव करीत अकोला गाठायचे. म्हणजे एका लोकसभा मतदारसंघात मी झोपतो आणि दुसऱ्यात काम करतो. काही खातेदारांच्या मते दोन्हीकडे झोपतोच. पण ते असो.

तर या दोन मतदारसंघांनी लोकशाहीत जेवढे पदार्थ चाखले, तेवढे दुसऱ्या कोणी क्वचितच चाखले असतील. अमरावतीचेच पाहा. १९८९ मध्ये आम्ही भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख यांना निवडून दिले. १९९१ मध्ये काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील यांना, ज्या पुढे राष्ट्रपती झाल्या. १९९६ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे आणि १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई. चार निवडणुका, चार पक्ष, चार खासदार! लाल, तिरंगी, भगवा आणि निळा. एवढे रंग तर आमच्या मंडळींच्या रांगोळीच्या डब्यातही नसतात. पुढे २०१९ मध्ये अपक्षही निवडून दिला, म्हणजे पक्ष नसण्याचीही हौस राहायला नको.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा न्यूजर्सीहून आला होता. पोराला इकडच्या बातम्यांचा कागद दाखवला की घाम फुटायचा. एके दिवशी पेपर खाली ठेवून तो म्हणाला, “मामा, तुमच्याकडे इतक्या पार्ट्या लक्षात कशा ठेवता?”

“जसे लग्नात नातेवाईक ठेवतो तसे,” मी म्हणालो. “तुमच्याकडे रिपब्लिकन पक्ष किती?”

“एक.”

“कधीपासून?”

त्याने मोबाइलमध्ये पाहून सांगितले, “१८५४ पासून.”

मी सुन्न झालो. पावणेदोनशे वर्षे होत आली आणि एकच रिपब्लिकन पक्ष! आमचा रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या नावापुढे कंस सुरू झाले. कंसात नेत्याचे आडनाव. आडनावे वाढली, पक्ष तोच राहिला.

हे मी हसण्यावारी नेतो आहे, पण यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही. १९९८ मध्ये हे सगळे कंस एकदा पुसले गेले होते. काँग्रेसशी समझोता झाला आणि रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार एकदम लोकसभेत गेले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून. चारातले दोन माझ्या एकाच रेल्वे पासात बसतात. वर्षभरात लोकसभा मोडली, पक्षही मोडला आणि १९९९ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या चौघांपैकी दोघेच परत आले. ज्या लोकांनी उन्हात रांगा लावून ते चौघे निवडून दिले होते, ते लोक तिथेच होते. मतेही कुठे पळून गेली नव्हती. फक्त बेरीज मोडली होती.

भाचा परत गेल्यावर गाडीत मला एक छंदच लागला. अमेरिका वऱ्हाडी पद्धतीने चालवली तर कशी दिसेल, याची चित्रे मी रंगवू लागलो. समजा, त्यांच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक झाली. जागा ४३५, बहुमताला हवेत २१८. निकाल लागला आणि कोणालाच शंभरावर जागा नाहीत! हत्ती पक्षाचे तीन तुकडे : हत्ती (जुना), हत्ती (मूळ) आणि हत्ती (खरा). निवडणूक आयोगापुढे दावा : सोंड कोणाची आणि शेपूट कोणाचे? निकाल लागेपर्यंत हत्ती गोठवलेला. तोवर एका गटाला पेटती चूल, दुसऱ्याला शिट्टी. टेक्सासच्या कापूसवाल्यांचा एक पक्ष, आयोवाच्या मकेवाल्यांचा दुसरा. रात्री बारा वाजता पेनसिल्व्हेनियाचे वीस सभासद बेपत्ता. सकाळी कळते, ते हवाई बेटांवर निसर्गसौंदर्य पाहायला गेले आहेत. आणि पहाटे, जग साखरझोपेत असताना, शपथविधी!

तुम्ही म्हणाल, हे अतिशयोक्त आहे. अहो, यात माझे काय आहे? २०२२ चा जून आठवा. त्याच महिन्यात आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. आम्हाला वाटले, आता वेगाची कमाल झाली. पंधरा दिवसांत महाराष्ट्राचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला पोचले आणि डांबराचा विक्रम फिका पडला. आमच्या अकोला जिल्ह्यातले बाळापूरचे आमदार नितीन देशमुख तेवढे सुरतेहूनच परत फिरले. पुढे शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण कोणाचा, याचा निर्णय आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला आणि राष्ट्रवादीच्या घड्याळाचा फेब्रुवारी २०२४ मध्ये. एका पक्षाचे दोन झाले, दुसऱ्याचेही दोन झाले. गणित कच्चे असलेल्या मुलाला भागाकार शिकवायला महाराष्ट्रासारखे राज्य नाही.

पण अमेरिकेने हा प्रयोग कधी केलाच नाही, असे मात्र नाही. १८६० मध्ये तिथे अध्यक्षपदासाठी चौघे जण उभे होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले होते आणि चौथा उमेदवार एका नव्या पक्षाचा. साधारण चाळीस टक्के मते घेऊन अब्राहम लिंकन निवडून आले. दक्षिणेच्या राज्यांनी वेगळी चूल मांडली आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. दक्षिणेचा कापूस विलायतेला जाईना. मग मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर पडली कुठे? आमच्या वऱ्हाडावर! कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ज्या रुळांवरून मी रोज अकोल्याला जातो, ते त्याच दशकात वऱ्हाडात आले आणि मुख्यतः कापसासाठीच आले. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले. म्हणजे अमेरिकेने त्या वेळी चौरंगी लढत करून पाहिली, त्याची किंमत त्यांनी रक्ताने मोजली आणि त्याचा फायदा चार वर्षे वऱ्हाडाने खाल्ला. असा शेजारधर्म दुसरीकडे पाहायला मिळायचा नाही.

त्यानंतर जो कोणी तिसरा उभा राहिला, त्याची अवस्था आमच्याकडच्या बंडखोरासारखीच झाली. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांना रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. रिपब्लिकनांची मते फुटली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्सन साधारण बेचाळीस टक्क्यांत अध्यक्ष झाले. १९९२ मध्ये रॉस पेरो नावाच्या उद्योगपतीने एकोणीस टक्क्यांच्या आसपास मते घेतली. अध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ प्रतिनिधी-मतांपैकी त्याला मिळाली किती? शून्य. हे वाचले आणि मला अकोला आठवले. २०२४ मध्ये प्रकाश आंबेडकरांना इथे पावणेतीन लाखांच्या आसपास मते पडली आणि ते तिसरे आले. पहिल्या-दुसऱ्यातले अंतर होते चाळीस हजारांचे. ज्याला एक मत जास्त तो सगळे घेऊन जाणार, हा नियम त्यांचाही आणि आपलाही. मग त्याच नियमात त्यांचे दोनच पक्ष राहतात आणि आपले सत्तावीस होतात, हे कसे?

याचे उत्तर मला आमच्या भाऊबंदकीत सापडले. अमेरिकेतही पक्ष पुष्कळच आहेत. पण ते दोन जुन्या वाड्यांत एकत्र कुटुंबाने राहतात. वाडा एक, चुली दहा. जानेवारी २०२३ मध्ये रिपब्लिकन बहुमत असूनही त्यांना आपला सभापती निवडायला पंधरा फेऱ्या लागल्या. ऑक्टोबरात घरच्याच आठ जणांनी विरोधकांबरोबर मत देऊन त्याला घरी बसवले. तरी वाडा तोच. आपल्याकडे दुसऱ्याच फेरीला अंगणात भिंत उठली असती. आपल्याकडे पक्ष सोडणाऱ्यासाठी १९८५ पासून कायदा आहे, त्यामुळे जायचे तर गठ्ठ्याने जावे लागते. त्यांच्याकडे तसा कायदाच नाही. २००१ मध्ये व्हरमाँटच्या जेफर्ड्स नावाच्या एका सिनेटरने पक्ष सोडला आणि सिनेटची सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. बिचारा एकटाच गेला. बस नाही, हॉटेल नाही, झाडीडोंगर नाही.

आणि त्यांचा वाड्यातला कलह होतो कधी? मतदानाच्या आधी. कोणाला उभे करायचे, हे तिथे त्या त्या राज्याचे मतदार प्राथमिक फेरीत मत देऊन ठरवतात. आपल्याकडे उमेदवाराचा एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी धापा टाकीत येतो. तो कुठून निघाला, हे त्या उमेदवारालाही सांगता येत नाही. त्यांच्या शेतीच्या कायद्यात १९७३ पासून शेतकऱ्याचा आधार आणि गरिबाची अन्नकुपने एकाच पोत्यात घातली. कापूसवाल्या खेड्याने शहरातल्या गरिबासाठी मत द्यायचे, शहरवाल्याने कापसासाठी. ही आघाडीच झाली की! फक्त ती कायद्याच्या कागदावर झाली, त्यामुळे कोणाला काय मिळाले, हे वाचता येते.

म्हणून माझ्या मनात आता कीव थोडी कमी आणि हिशेब थोडा जास्त आहे. अमेरिकन माणसाला ताट वाढून मिळते. त्यातली कारल्याची भाजी नको असली तरी ताट सगळे घ्यावे लागते, पण काय वाढले आहे ते त्याला दिसते. आम्हाला वाटी वाटी निवडायची मुभा. त्यामुळे छोट्यातला छोटा पक्षही आमच्या दारात येऊन हात जोडतो, आणि ते काही कमी नाही. १९९८ ची ती निळी वाटी दोन पक्षांच्या देशात ताटात आलीच नसती. मात्र वाट्या निवडून झाल्यावर ताट कोण लावतो, तर हॉटेलातला आचारी. आणि आम्ही वांग्याची भाजी मागितली होती, ती कोणाच्या ताटात गेली, हे सकाळी पेपरात वाचायचे.

एवढे सगळे ज्ञान मला झाल्यावर ते कोणाला तरी सांगणे भाग होते. तेल्हाऱ्याकडचे एक कास्तकार आमच्या खिडकीवर नेहमी येतात. कापसाचे पैसे जमा झाले का, हे पाहायला. त्या दिवशी ते एक वेगळीच शंका घेऊन आले. मधल्या काळात सरकारने कितीतरी बँका एकमेकींत विलीन केल्या. त्यांच्या जावयाचेही खाते अशाच एका बँकेत होते. रात्री झोपला तो एका बँकेचा खातेदार आणि सकाळी उठला तो दुसरीचा.

“साहेब, पाटी बदलली. मंग पैशाचं काय?”

“काही होत नाही, भाऊ. पाटी बदलो, पासबुक बदलो, साहेब बदलो. शिल्लक आहे तेवढीच राहते. पै इकडची तिकडे होत नाही.”

“पक्कं?”

“पक्कं. हवं तर लिहून देतो.”

त्यांनी पासबुक बंडीच्या खिशात घातले. जाता जाता पुन्हा वळले.

“साहेब, मागच्या खेपीले म्या मत देल्लं. त्या पक्षाचे दोन झाले. एक इकडं गेला, एक तिकडं गेला. निशानी तिसऱ्यानंच सांगतली. मंग माहं मत आता कोनाच्या खात्यात जमा हाये?”

मागे रांग वाढत होती. मी सवयीने म्हणालो, “भाऊ, त्याची चौकशी दुसऱ्या खिडकीवर.”

ते खरोखरच दुसऱ्या खिडकीकडे गेले. तिथे पाटी होती : ‘जेवणाची सुट्टी’.